तीन सेलच्या जुन्या पितळी बॅटरीत एलईडी बसवलाय; उजेड भरपूर, पण फोकस लांब जाईना

दारंधर | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी.

आमच्या आबांची तीन सेलची पितळी बॅटरी आहे. आमच्या मोहोळ तालुक्यात टॉर्चला अजून बॅटरीच म्हणतात आणि आत घालायच्या त्यांना सेल, म्हणून इथंही तसंच लिहितो. मी जुळे सोलापुरात राहतो, शेत गावाकडं. शेतातल्या मोटरीच्या थ्री फेज लाइटचा (विजेचा) रात्रीचा आठवडा आला की आबा उसाला दारं धरायला, म्हणजे सरीसरीनं पाणी द्यायला, जातात. वय बहात्तर, पण कुणाचं ऐकत नाहीत.

मूळ बल्ब ३.८ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा. नवे सेल घातले की तासभर बरा चालायचा, मग उजेड पिवळा आणि पुढं तांबडा. सरीच्या टोकाला पाणी पोचलं का ते बघायला आबांना टोकापर्यंत चालत जावं लागायचं. मोबाइलचा उजेड म्हणावा तर एका हातात खोरं, दुसऱ्या हातात मोबाइल, पायाखाली चिखल. एक मोबाइल पाटात गेला तो गेलाच.

म्हणून गेल्या आठवड्यात बसलो. जुना बल्ब फडक्यात गुंडाळून काच फोडली (डोळ्याला चष्मा लावून), आतला पांढरा मसाला टोकरून काढला आणि नुसती पितळी टोपी ठेवली. १ वॅटचा पांढरा एलईडी, ॲल्युमिनियमच्या चांदणीवर बसवलेला येतो तो, आणला. टोपीच्या मधल्या टिपक्याला प्लस, कडेला मायनस आणि मध्ये ४.७ ओहमचा रेझिस्टर. हिशोब असा: तीन नवे सेल ४.५ व्होल्ट, एलईडीला लागतात ३.१ च्या आसपास, राहिले १.४. त्याला ४.७ नं भागलं की ०.३ अँपिअर. मीटरवर ०.२७ दाखवतोय. रेझिस्टर १ वॅटचा घेतला, अर्ध्या वॅटचा हाताला चटका देत होता.

उजेड बघून घरचे सगळे खूश. पण शेतात गेल्यावर आबा म्हणाले, "उजेड हाय रं, पण पायापाशीच सांडतोय. लांब काय जाईना." आणि खरंच, दहा-पंधरा पावलांपलीकडं अंधार. जुना मिणमिणता बल्ब याच्यापेक्षा लांब पोचायचा. दुसरं म्हणजे वीस मिनिटांत एलईडीच्या मागची बाजू हात लावू देत नाही. एपॉक्सीनं बल्बच्या टोपीवर चिकटवलाय.

माझं कुठं चुकतंय?

कन्ना_चौक | रविवार, रात्री ९.३२

दादा, काम चांगलं केलाव, पण एवढा व्याप कशाला करायलाव? नवी पेठेत चार्जिंगच्या टॉर्च ढिगानं मिळायलीत की. आबांना एक घेऊन द्या आणि निवांत झोपा. मनापासून सांगायलोय, रात्रीचं रान आहे, घरच्या जुगाडावर सोडू नका.

दारंधर | रविवार, रात्री ९.५०

अण्णा, काळजी समजली. तशा दोन घेऊन झाल्या. पहिलीचा आतला सेल सव्वा वर्षात फुगला, आणि खोकं असं चिकटवलेलं की उघडताना तुटलं. दुसरीची चार्जिंगची पिन आत ढकलली गेली. दोन्ही माळ्यावर पडून आहेत. ही पितळी बॅटरी आबांनी लग्नाच्या आधी गड्डा यात्रेत घेतलेली. बटणाशेजारच्या रेघा अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झाल्यात. काहीही बिघडलं तरी ती आट्यावर उघडते आणि मी ती दुरुस्त करू शकतो. रात्री दोन वाजता रानात बंद पडली तर आबासुद्धा करू शकतात. मला तेच पाहिजे.

बार्शीकर_ताई | रविवार, रात्री १०.२०

दारंधर, तुमचा रेझिस्टरचा हिशोब बरोबर आहे. चूक आहे ती उजेड कुठून सुरू होतो त्यात. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि अंतर्वक्र आरशाचा धडा दरवर्षी याच उदाहरणानं घेते.

बल्बची तार म्हणजे जवळजवळ एक ठिपका. ती सगळीकडं उजेड फेकते: पुढं, बाजूला, मागंही. रिफ्लेक्टर त्या तारेसाठी बनवलेला असतो. तार बरोबर नाभीवर (आरशाच्या फोकसच्या ठिपक्यावर) असली की बाजूला आणि मागं गेलेला उजेड वळून एका दिशेला सरळ निघतो. म्हणून फार तर दहा-पंधरा लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) बल्ब लांब पोचायचा. उजेड थोडाच, पण सगळा एका दोरीत ओवलेला.

तुमच्या एलईडीचे ऐंशी-शंभर लुमेन असतील, पण तो चपटा आहे. त्याचा उजेड पुढंच पडतो, सुमारे १२० अंशांच्या फाकीत. त्यातला बराच भाग रिफ्लेक्टरला शिवतही नाही, तोंडातून तसाच बाहेर पडून पसरतो. त्यात तुम्ही तो बल्बच्या टोपीवर बसवलाय. बल्बात तार टोपीपासून चांगली सेंटिमीटरभर पुढं असते. म्हणजे तुमचा एलईडी नाभीच्या मागं पडला, आणि जो थोडा उजेड आरशावर पडतोय तोही वाकडा निघतोय.

एक प्रयोग करा. भिंतीपासून चार-पाच हात लांब उभं राहा आणि बॅटरीचं डोकं हळूहळू फिरवून आत-बाहेर करा. मधला ठिपका लहान होतोय का बघा. डोकं पूर्ण आवळल्यावर ठिपका सगळ्यात लहान दिसत असेल तर एलईडी अजून पुढं सरकायला हवा.

बाळीवेस_रेडिओ | रविवार, रात्री १०.५५

ताईंनी नेमकं सांगितलं. मी चाळीस वर्षं रेडिओ आणि टेप दुरुस्त केले, आता घरीच टेबल मांडून बसतो. त्यात थोडी भर घालतो.

पुढं सरकवून थोडा फरक पडेल, पण चपट्या एलईडीला खरा जोडीदार लेन्स आहे, रिफ्लेक्टर नाही. १ वॅटच्या एलईडीवर बसणारी २० मिलिमीटरची प्लॅस्टिकची लेन्स मिळते, शंकूसारखी, काळ्या किंवा पांढऱ्या कडीत. १५ अंश, ३० अंश, ६० अंश अशी वेगवेगळ्या फाकीची असते. शंकूच्या आतल्या भिंतीवरून उजेड पूर्ण परावर्तित होतो आणि पुढं गोळा होऊन निघतो. बाजूचा उजेडसुद्धा सुटत नाही. दारं धरायला १५ अंशांची घ्या. जुना रिफ्लेक्टर फेकू नका, जपून ठेवा.

आता उष्णता. एपॉक्सी उष्णता जाऊ देत नाही. बल्बची तार तापलेलीच काम करते, एलईडीचं उलटं आहे. तापला की उजेड कमी देतो आणि लवकर मरतो. पितळ उष्णता चांगली वाहतं आणि तुमच्याकडं अख्खी पितळी नळी आहे. चांदणी एका जाड पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या चकतीवर थर्मल पेस्ट लावून स्क्रूनं आवळा, आणि चकतीची कड डोक्याच्या आतल्या भिंतीला घट्ट टेकली पाहिजे. मग उष्णता हातापर्यंत येईल, बॅटरी नुसती कोमट लागेल.

चकती बसवण्याआधी मीटर बीपवर ठेवून चांदणीची खालची बाजू आणि दोन्ही टाके तपासा. बीप वाजला तर ती चांदणी वापरू नका. बहुतेक चांदण्या इन्सुलेटेड असतात, पण सगळ्या नाही. तुमची सगळी बॉडी मायनस आहे हे विसरू नका.

पालखी_मार्ग | सोमवार, सकाळी ७.०५

माझ्याकडं दोन सेलची आहे, वारीत नेतो. पाच मिलिमीटरचा साधा पांढरा एलईडी थेट लावला. नव्या सेलवर जरा पेटतो, आठवड्यात विझतो. तोच लाल लावला तर ठणठणीत. माझ्या सेलमध्ये दोष आहे का?

बार्शीकर_ताई | सोमवार, सकाळी ७.४०

सेलचा दोष नाही, रंगाचा आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर (उजेडाचा रंग बदलणारी पूड) थापला की आपल्याला पांढरा दिसतो. निळ्या प्रकाशकणाची ऊर्जा लाल कणापेक्षा जास्त, म्हणून निळ्याला ३ व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि लालला २ व्होल्टमध्ये भागतं. दोन सेल नवे असतानाच जेमतेम ३ व्होल्ट देतात. जरा उतरले की पांढऱ्याचं काम संपलं. हा निळा एलईडी साधायला इतकी वर्षं गेली की त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लाल एलईडी त्याच्या कितीतरी आधीपासून रेडिओवर लुकलुकत होता.

बाळीवेस_रेडिओ | सोमवार, सकाळी ८.१५

पालखी_मार्ग माउली, दोन सेलवर पांढरा पेटवायचा तर दाब वाढवणारी छोटी सर्किट लागते. घरी करता येते. बंद पडलेल्या सीएफएलच्या बुडात फेराइटची एक बारीक रिंग असते. नळी फोडायची नाही, त्यात पारा असतो. नुसतं प्लॅस्टिकचं बूड उघडायचं, आणि आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहिलेला असू शकतो म्हणून आधी तो उतरवून घ्यायचा. त्या रिंगवर दोन बारीक इनॅमल तारा एकत्र धरून पंधरा-वीस वेढे घ्या. एकीचं टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडा, तो सांधा सेलच्या प्लसला. उरलेलं एक टोक ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला, दुसरं १ किलोओहममधून बेसला. एमिटर मायनसला, एलईडी कलेक्टर आणि एमिटरच्या मध्ये, लांब पाय कलेक्टरकडं. बीसी ५४७ चालतो. पेटला नाही तर एका तारेची दोन टोकं उलटी करा, बहुतेक वेळा तेवढंच चुकलेलं असतं.

घड्याळातून काढून टाकलेल्या एका सेलवरसुद्धा हा पेटतो. उजेड पाच मिलिमीटरच्या एलईडीपुरता. मुक्कामाच्या तंबूत चपला शोधायला, रात्री उठायला भरपूर. शेतात दारं धरायला नाही.

माढा_सोलर | सोमवार, दुपारी १.३०

मी सोलर स्ट्रीट लाइट बसवतो. दारंधर दादा, सेलबद्दल एक सुचवतो. कोरडे सेल सोडा. आमच्या लाइटमध्ये ३२६५० नावाचे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल येतात. जाडी ३२ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या मोठ्या सेलपेक्षा किंचित बारीक. नळीत अलगद जातो. दाब ३.२ व्होल्ट, एकाच सेलवर एलईडी चालतो. क्षमता साधारण ६ अँपिअर-तास. आणि याचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो, म्हणजे रात्री दहाला जसा उजेड तसाच पहाटे पाचला.

बरेच जण लॅपटॉपचे १८६५० घालतात. तेही चालतात, पण ते ४.२ व्होल्टपर्यंत भरतात आणि मार खाल्ले की भडकतात. शेतात आपटणाऱ्या वस्तूला फॉस्फेटचा सेल जास्त सुरक्षित. फक्त चार्जर त्याचाच पाहिजे, ३.६५ व्होल्टला थांबणारा. बाजारात वीस-तीस रुपयांत जी निळी टीपी ४०५६ पट्टी मिळते ती ४.२ पर्यंत चढवते. ती या सेलला अजिबात लावू नका.

बाळीवेस_रेडिओ | सोमवार, दुपारी २.१०

सोलर दादांशी सहमत. एकच सूचना, पण पक्की पाळा: जुना कोरडा सेल शॉर्ट झाला तर गरम होतो, लिथियमचा सेल शॉर्ट झाला तर तार लाल होते. प्लसच्या बाजूला १ अँपिअरचा काचेचा फ्यूज घाला आणि सेलभोवती जाड कागद किंवा पीव्हीसीची बाही. तीन सेलच्या जागी एकच घालणार, म्हणजे उरलेल्या जागेत डमी लागेल. सेल पुढं, डमी मागं. म्हणजे डमी मायनसच्या बाजूला राहते आणि बॉडीला टेकली तरी बिघडत नाही. उलट ठेवलात तर डमी प्लस होईल आणि एका ओरखड्यावर सगळं जळेल.

रेझिस्टर १ ओहमचा पुरे.

सर्पमित्र_सांगोला | सोमवार, संध्याकाळी ६.४५

विषय उजेडाचा आहे म्हणून लिहितो. एलईडी पिवळसर घ्या, ३००० केल्विन लिहिलेला. ६५०० चा निळसर पांढरा घेतला की किडे, पाखरं अंगावर येतात, तोंडासमोर धरवत नाही. स्वस्त निळसर उजेडात तांबूस-तपकिरी रंगही मरतात. घोणस वाळलेल्या पाचटासारखीच दिसते. पाचटावर ती ओळखायची तर रंग दिसला पाहिजे.

आणि सगळा उजेड लांब नेऊ नका. पायाखालचाही थोडा ठेवा. साप सरीच्या टोकाला नसतो, बांधावर पाय टाकतो तिथं असतो. आबांना गमबूट घालायला लावा आणि हातात काठी. चावलाच तर बांधणं, चिरणं काही न करता थेट सरकारी दवाखाना.

दारंधर | सोमवार, रात्री १०.०५

सगळ्यांचे आभार. काका, ताई, दादा, मी वहीत लिहून घेतलंय. अक्कलकोट रोडला यंत्रमागाचे सुटे भाग करणारा एक लेथवाला ओळखीचा आहे, त्याच्याकडून चकती आणि डमी करून घेतो. शनिवारी कळवतो.

दारंधर | शनिवार, रात्री ११.२०

झालं. सविस्तर लिहितो, कारण मध्ये एक गोष्ट अशी अडली की दोन संध्याकाळी गेल्या.

लेथवाल्यानं जुन्या पितळी रॉडमधून ६ मिलिमीटर जाडीची चकती काढून दिली. डोक्याच्या आत थापटून बसवावी लागते, इतकी घट्ट. डमी बाभळीच्या लाकडाची, मधून पितळी सळई. तीन सेलची लांबी १८४ मिलिमीटर भरली, नवा सेल ७०, म्हणून डमी ११४ ची.

पिवळसर एलईडी, १५ अंशांची लेन्स, १ ओहम, फ्यूज, सगळं जोडलं आणि बटण दाबलं. उजेड एकदम मंद. मीटर लावला तर फक्त ०.०६ अँपिअर. एलईडी बदलला, तेच. सेल बाहेर काढून थेट तारेनं लावला तर लख्ख. मग मीटर व्होल्टवर ठेवून एकेक सांधा मोजत गेलो. बटणाच्या पट्टीवर ०.०८ व्होल्ट खाल्ला जात होता. बुडाच्या स्प्रिंगवर ०.११. आधीच्या सेलवर १.४ व्होल्टची सूट होती, म्हणून हे दिसलंच नव्हतं. आता सूटच जेमतेम पाव व्होल्टची, त्यातला बहुतेक वाटेतच संपत होता.

स्प्रिंगवर हिरवट-पांढरी खरपुडी होती, कधीतरी सेल गळलेला. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात दातांच्या ब्रशनं घासली, वाळवली. पट्टीला बारीक पॉलिश पेपर मारला. तरी स्प्रिंग पोलादाची, म्हणून तिच्या दोन्ही टोकांना आतून एक मऊ तांब्याची तार झाळून टाकली. स्प्रिंग नुसती दाबायचं काम करते, करंट तारेतून जातो. आता ०.२२ अँपिअर. म्हणजे एका चार्जवर चोवीस तासांहून जास्त, तीन रात्री आरामात.

बाळीवेस_रेडिओ | शनिवार, रात्री ११.४०

शाब्बास. मीटर लावून सांधे मोजलेत हे सगळ्यात चांगलं केलंत. लोक एलईडी बदलत बसतात.

माढा_सोलर | रविवार, सकाळी ६.५०

दादा, एक राहिलं होतं सांगायचं. हा सेल २.५ व्होल्टच्या खाली गेला की खराब होतो. पण तुमचा पांढरा एलईडी २.६-२.७ ला आपोआपच विझत येतो, त्यामुळे राखण होते. विझत आला की बटण बंद करून चार्जला लावायचं, रात्रभर तसाच चालू ठेवायचा नाही.

कन्ना_चौक | रविवार, सकाळी ९.१५

दादा, माझं म्हणणं मागं घेतो. माझ्या सासऱ्यांची अशीच दोन सेलची आहे, नळाजवळच्या फळीवर गंजायली. आज काढतो. शेतात टेस्ट केलाव का? आबा काय म्हणाले?

दारंधर | मंगळवार, सकाळी ८.३०

काल रात्री गेलो होतो. लाइट पावणेबाराला आली. आबा मोटर चालू करून पाटावर आले, मी बॅटरी हातात दिली. त्यांनी आधी वजन बघितलं. हलकी लागली म्हणून बुडाचं झाकण उघडून आत बघितलं, पुन्हा आवळलं. मग बांधावर उभं राहून सरीच्या दिशेनं धरली.

पाणी दिसलं. सरीच्या टोकाला, उसाच्या बुडख्यांमधून हळूहळू पुढं सरकणारी पाण्याची जीभ, तिच्यावर तरंगणारा पाचोळा. आबा तिथंच उभे राहिले. दोन सऱ्या भरल्या, दारं मोडून तिसरीत पाणी सोडलं, आणि एकदाही टोकापर्यंत चालत गेले नाहीत.

सांगोल्याच्या दादांचं ऐकून लेन्सच्या काळ्या कडीला खालच्या बाजूनं एक खाच पाडलीय. तिथून थोडा उजेड पायापाशी सांडतो. गमबूट अजून घालत नाहीत, त्यावर वेगळं भांडण चालू आहे.

जुना रिफ्लेक्टर आणि ३.८ चा एक शिल्लक बल्ब आबांनी मागून घेतला. बल्ब कापसात गुंडाळून बुडाच्या झाकणात ठेवलाय, जुन्या बॅटऱ्यांना तिथं जादा बल्बाची जागा असते तीच.

कन्ना_चौक | मंगळवार, सकाळी ९.०५

लई भारी. चकतीचं माप सांगता का? आणि लेथवाल्यानं लेन्ससाठी काही केलं का वेगळं?

दारंधर | मंगळवार, सकाळी ९.२०

अण्णा, चकतीचा व्यास तुमच्या बॅटरीच्या डोक्याचा आतून मोजून घ्या, प्रत्येकीचा वेगळा असतो. लेथवाल्याला डोकंच नेऊन द्या, तो बसवूनच देईल. वायर जायला कडेपासून आत दोन भोकं, ३ मिलिमीटरची, त्यात प्लॅस्टिकची बाही घालायची नाहीतर पितळाची धार वायर कापते. लेन्सची कडी चकतीवर थोड्या सिलिकॉननं चिकटवली, वेगळं काही नाही. तुमची दोन सेलची आहे, म्हणजे डमी साधारण ५३ ची लागेल. सेल आणल्यावर एकदा मोजून मगच कापायला सांगा.